रोजच्या बोलण्यात स्वतःविषयी बोलणे टाळायचे असेल तर

तळजाईकर (प्रश्न)

नमस्कार. चार माणसे एकत्र बसली की बोलणे ज्याच्या-त्याच्या स्वतःच्या हकीकतीवर किती लवकर येऊन ठेपते, याकडे अलीकडे माझे लक्ष जाऊ लागले आहे. सकाळी पुण्यातल्या तळजाई टेकडीवरून फिरून आल्यावर आमची मंडळी बाकावर टेकतात. एखाद्याने गुडघा दुखतो असे म्हटले, की दुसऱ्याचा गुडघा, तिसऱ्याची कंबर आणि चौथ्याच्या मेहुण्याची शस्त्रक्रिया असा क्रम लागतो, आणि ज्याचा गुडघा मुळात दुखत होता तो बिचारा मान डोलावत राहतो. यात कोणाचा हेतू वाईट असतो असे मला म्हणायचे नाही. तरीही मी माझ्यापुरते असे ठरवले आहे, की रोजच्या गप्पांत स्वतःची, घरच्यांची, प्रकृतीची आणि पैशांची गोष्ट आपण होऊन काढायची नाही.

अडचण अशी, की समोरची मंडळी विचारतातच. ‘चिरंजीव सध्या कुठे असतात?’, ‘पुनर्विकासात तुम्हाला किती चौरस फूट वाढवून मिळाले?’, ‘सूनबाई नोकरी करतात का?’ असले प्रश्न आपल्याकडे आगाऊपणाचे समजले जात नाहीत. उलट ते न विचारणाराच तुसडा ठरतो. मोघम उत्तर दिले की काहीतरी दडवले जात आहे असा समज होतो आणि नेमक्या त्याच विषयाची चर्चा माझ्या पश्चात रंगते. विषय माझ्यावर येऊ नये म्हणून मी प्रतिप्रश्न विचारू लागलो, तर एका स्नेह्यांनी हसत हसत ‘तुम्ही आमची खातेनिहाय चौकशी लावली आहे काय?’ असे विचारले.

तेव्हा माझे विचारणे असे आहे, की स्वतःविषयी न बोलता मोकळेपणाने गप्पा मारणे शक्य आहे का, आणि ज्यांना ते साधले आहे ते नेमके काय करतात? हे टाळणे मुळात योग्य आहे की नाही, याविषयीही मते वाचायला आवडतील. अहंकाराचा नाश वगैरे आध्यात्मिक उत्तरे मात्र कृपया नकोत; बाकावरच्या बोलण्यात उपयोगी पडेल असे काही सांगावे.

अभ्यासिका

आपण बाकावर जे पाहिले त्याचे वर्णन चार्ल्स डर्बर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७९ मध्येच करून ठेवले आहे. रोजच्या संभाषणांचा अभ्यास करताना त्याने प्रतिसादांचे दोन प्रकार वेगळे केले: एक, विषय स्वतःकडे ओढून घेणारा आणि दुसरा, विषय बोलणाऱ्याकडेच राहू देणारा. कोणी म्हणाले, ‘मला वाचताना हल्ली त्रास होतो, चष्मा बदलायला हवा,’ तर ‘मलाही बदलायचा आहे’ हे उत्तर पहिल्या प्रकारचे आणि ‘जवळचे दिसत नाही की लांबचे?’ हे दुसऱ्या प्रकारचे. दोन्ही उत्तरे सभ्यच आहेत, आणि पहिल्या प्रकारचे उत्तर एकदा दिल्याने काहीही बिघडत नाही. विषय मूळ माणसाकडे परत जातो की नाही, एवढेच पाहायचे. आपल्या बाकावर तो परत जात नाही, ही खरी तक्रार आहे. स्वतःविषयी बोलले जाते ही नव्हे. या दोन तक्रारी वेगळ्या ठेवल्या तर आपण केलेला निश्चय गरजेपेक्षा कडक आहे, असे आपल्यालाही वाटेल.

मंडळींना फार दोष देण्यातही अर्थ नाही. हार्वर्ड विद्यापीठातील डायना तामीर आणि जेसन मिचेल यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना वेगवेगळ्या प्रकारच्या प्रश्नांतून निवड करायला सांगितले होते आणि कोणता प्रश्न निवडला तर किती पैसे मिळतील हे आधीच ठरवून दिले होते. कमी पैसे मिळत असले तरी स्वतःविषयीच्या प्रश्नाचे उत्तर देण्याकडे लोकांचा कल दिसला. म्हणजे स्वतःविषयी बोलता यावे म्हणून ते चक्क पदरचे पैसे सोडत होते. मेंदूच्या प्रतिमांमध्येही, बक्षीस मिळाल्यावर मेंदूचे जे भाग उद्दीपित होतात तेच भाग स्वतःविषयी सांगताना उद्दीपित झालेले आढळले. आपल्या बोलण्यापैकी सुमारे ३० ते ४० टक्के भाग स्वतःचे अनुभव व मते सांगण्यात जातो, असे त्यांनी आधीच्या अभ्यासांच्या आधारे नोंदवले आहे. ही इतकी जुनी आणि सार्वत्रिक खोड असेल, तर एका बाकावर ती मोडून निघणार नाही.

आता आपल्या स्नेह्यांच्या ‘खातेनिहाय चौकशी’विषयी. आपल्याला हा विनोद वाटला असेल, पण त्यात तथ्य आहे. सुसान स्प्रेचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ च्या सुमारास अनोळखी व्यक्तींच्या जोड्यांवर प्रयोग केले. काही जोड्यांत दोघेही आळीपाळीने विचारत आणि सांगत होते, तर काही जोड्यांत आधी एकाने फक्त सांगायचे आणि दुसऱ्याने फक्त ऐकायचे होते. आळीपाळीने बोललेल्या जोड्यांना एकमेकांविषयी अधिक आपुलकी वाटली, हे अपेक्षित होते. मला महत्त्वाचे वाटते ते यापुढचे निरीक्षण: एकतर्फी जोड्यांत ज्याने ऐकले त्याला समोरचा माणूस आवडला, पण ज्याने सांगितले त्याला ऐकणारा तितका आवडला नाही. आपण ज्याला नम्रपणा समजत आहात त्याचा समोरच्याला येणारा अनुभव हा असा असू शकतो. त्याने आपले सगळे मांडले आणि हाती काहीच आले नाही, शिवाय संभाषण कुठे न्यायचे हेही प्रत्येक वेळी विचारणाऱ्यानेच ठरवले. केवळ प्रश्न विचारणारा माणूस सगळी सूत्रे स्वतःच्या हाती ठेवतो, मग तो स्वतःविषयी एक शब्दही का बोलेना.

प्रश्न विचारूच नयेत, असा याचा अर्थ नाही. कॅरेन हुआंग आणि सहकाऱ्यांच्या २०१७ मधील अभ्यासात अधिक प्रश्न विचारणारी माणसे समोरच्याला अधिक आवडली, पण त्यातही वजन होते ते पाठपुराव्याच्या प्रश्नांना, म्हणजे आत्ताच उच्चारलेल्या वाक्यातून उगवणाऱ्या प्रश्नांना. कोणी म्हणाले, ‘काल रात्री आमच्याकडे पाणी आले नाही,’ आणि आपण विचारले, ‘तुमच्या इमारतीत किती सदनिका आहेत?’ तर तो अर्जावरचा रकाना झाला. ‘मग सकाळी काय केलेत?’ असे विचारले तर समोरचा माणूस शेजारून आणलेल्या दोन बादल्यांपासून टँकरच्या भावापर्यंत सगळे आपण होऊन सांगेल. याउलट काही जण विचारतात ते केवळ स्वतःला सांगता यावे म्हणून. ‘दिवाळीत कुठे गेला होतात?’ असे विचारून समोरच्याचे ‘गावी’ एवढे पुरते ऐकूनही न घेता ज्यांची केरळची सहल सुरू होते, असे गृहस्थ आपल्याही बाकावर असतीलच.

व्यवहारात मी सुचवेन ते असे, की प्रत्येक दोन-तीन प्रश्नांमागे स्वतःचे एखादे वाक्य खुशाल ठेवावे आणि ते वाक्य पूर्ण होताच विषय परत द्यावा. ‘माझ्या गुडघ्याला गेल्या वर्षी फिजिओथेरपीने थोडा आराम पडला, तुम्हाला चढताना जास्त दुखतो की उतरताना?’ इथे आपला गुडघा आला, पण तो समोरच्याच्या गुडघ्याच्या कामी आला.

जाता जाता एक: आपल्या प्रश्नात बाकावरच्या सर्वांचे आजार आहेत, पण आपला स्वतःचा म्हणावा असा तपशील जवळजवळ नाही. म्हणजे टाळणे आपल्याला उत्तम साधलेले आहे.

शनिवारपेठी

आध्यात्मिक उत्तर नको म्हणालात, तरी समर्थांचा दाखला व्यवहाराचा म्हणून चालवून घ्यावा. दासबोधातल्या मूर्खलक्षणांत स्वतःची स्तुती करणारा आणि वाडवडिलांची कीर्ती सांगत बसणारा या दोघांनाही जागा दिलेली आहे. स्वतःची हकीकत सांगणाऱ्याला तिथे त्यासाठी नावे ठेवलेली नाहीत. एवढा फरक ध्यानात ठेवला तरी बरेच काम होते.

माझे म्हणणे असे आहे, की दोघांच्या मध्ये तिसरी गोष्ट ठेवली की ना ‘माझे’ काढावे लागते ना ‘तुझे’. पुण्यात या तिसऱ्या गोष्टींना तोटा नाही. पावसाळ्यात खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत आज किती टक्के पाणी झाले आणि मुठेत किती क्युसेक सोडले, एवढ्यावर आमच्या ओळखीची माणसे महिना-महिना बोलतात. चारही धरणांची मिळून क्षमता सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातले शहराला किती आणि दौंड-इंदापूरकडच्या शेतीला किती, हा वाद सुरू झाला की सूनबाईंच्या नोकरीचा कोणाला पत्ताही राहत नाही. मेट्रोच्या स्थानकातून बाहेर पडल्यावर रिक्षा कुठे मिळते, बसचा मार्ग का बदलला, मंडईत वालपापडी आली का, हेही तसेच विषय. बाकावर पोहोचण्याआधी सकाळचे वर्तमानपत्र नजरेखालून घालावे आणि असा एक विषय खिशात ठेवावा.

इथपर्यंत मी आपल्या बाजूचा आहे. पण हा नियम सरसकट पाळू नये, आणि त्याचे कारण पुन्हा त्याच धरणांशी येऊन थांबते. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले आणि दुपारी खडकवासल्याचेही. नदीकाठच्या पेठांत पाणी कुठवर आले हे नकाशावर पाहता येते, पण त्या दिवशी काय झाले हे ज्यांनी पाहिले त्यांच्याच तोंडून कळते. आमच्याकडे माळ्यावर एक सागवानी पेटी होती. तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बोटभर रुंदीची मातकट रेघ होती आणि ती कितीही पुसली तरी दमट हवेत पुन्हा वर येत असे. पेटीत पितळी डबे आणि कोणाच्या तरी मुंजीतला जरीचा टोपरा होता. घरातली मोठी माणसे त्या रेघेवर बोट ठेवून सांगत, की पाणी चढायला लागल्यावर कोणी काय उचलले, कोणते दप्तर राहून गेले, दोन दिवसांनी परत आल्यावर दारातला गाळ कशाने उपसला आणि त्या गाळाला वास कसा होता. हे सगळे बोलणे ‘मी’, ‘आम्ही’ आणि ‘आमचे’ यांनी भरलेले होते. त्यांनी स्वतःविषयी न बोलण्याचे व्रत घेतले असते, तर त्या पुराविषयी आम्हाला फक्त तारीख माहीत असती.

म्हणून मला असे वाटते, की माणूस स्वतःविषयी बोलतो तेव्हा तो साक्षीदार म्हणून बोलतो आहे की सत्कारमूर्ती म्हणून, हे पाहावे. साक्षीदाराच्या बोलण्यात ‘मी’ असतो तो फक्त कुठे उभा होतो हे सांगण्यापुरता. लक्ष असते ते समोर घडत असलेल्या गोष्टीकडे. सत्कारमूर्तीच्या बोलण्यात पूर येतो तोही त्यांनी गणपतीची मूर्ती कशी वाचवली हे सांगायला. आपण राहता त्या सहकारनगरात आणि तिकडे गोखलेनगरात पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या. (आपण सहकारनगरात राहता असे मी तळजाईवरून गृहीत धरले आहे. आपण काही सांगत नाही, तर आम्हाला तर्कच करावा लागणार.) त्यामुळे आपल्या बाकावरही असे साक्षीदार बसत असण्याची शक्यता बरीच आहे. त्यांनी गप्प बसावे असे आपल्याला खचितच वाटणार नाही.

दवाखाना

मी व्यवसायाने डॉक्टर आहे. या विषयातला माझ्या अनुभवाचा भाग रुग्णाला भेटायला येणाऱ्यांचा आहे, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो.

हृदयाचे ऑपरेशन झालेल्या माणसाच्या खाटेशी खुर्ची ओढून बसणारे पाहुणे पहिल्या मिनिटाला ‘कसे वाटते आहे?’ असे विचारतात आणि दुसऱ्या मिनिटाला स्वतःच्या अँजिओग्राफीवर येतात. त्यांना दिलासा द्यायचा असतो. ‘मी यातून बाहेर पडलो, तुम्हीही पडाल’ असे सांगायचे असते. पण रुग्णाला ऐकू येतो तो स्टेंटचा आकडा, रुग्णालयाचे बिल आणि पाहुण्यांच्या भावाला तिसऱ्या दिवशी आलेला ताप. पाहुणे गेल्यावर नातेवाईक बाहेर येऊन आम्हाला विचारतात, ‘डॉक्टर, यांनाही तिसऱ्या दिवशी ताप येईल का?’

या बाबतीत आम्ही डॉक्टरही मागे नाही. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रशिक्षित व्यक्तींना रुग्ण म्हणून, ओळख न देता, डॉक्टरांकडे पाठवण्यात आले आणि संभाषणे ध्वनिमुद्रित करण्यात आली. (अशी भेट होईल याला डॉक्टरांनी आधीच संमती दिलेली होती, कोणत्या दिवशी, हे त्यांना ठाऊक नव्हते.) अशा ११३ भेटींपैकी सुमारे एक तृतीयांश भेटींत डॉक्टर स्वतःविषयी बोलले. त्यांनी स्वतःविषयी जे सांगितले त्यापैकी ८५ टक्के सांगणे रुग्णाच्या काही कामाचे नव्हते, आणि बहुतेक वेळा त्यानंतर बोलणे रुग्णाच्या मूळ मुद्द्याकडे परत गेलेच नाही. वर ‘अभ्यासिका’ यांनी परत देण्याविषयी जे लिहिले आहे त्याला याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. विशेष म्हणजे आपले सांगणे रुग्णाला धीर देते अशीच बहुतेक डॉक्टरांची प्रामाणिक समजूत असते.

खाटेशी बसलेले असताना आपण होऊन स्वतःचा आजार काढू नये, रुग्णाने विचारल्यास जेवढे विचारले तेवढेच सांगावे, असे मी नातेवाइकांना सांगतो. रुग्ण खरोखर विचारतात. ‘टाके काढताना दुखते का हो?’ या प्रश्नाला ज्याचे टाके निघाले आहेत त्याने दिलेले ‘मुंगी चावल्यासारखे वाटते, तेवढेच’ हे उत्तर माझ्या उत्तरापेक्षा अधिक उपयोगी पडते.

भाडेकरू

वरील प्रतिसाद वाचून थोडी अस्वस्थ झाले, म्हणून लिहिते. आपण सर्व जण गृहीत धरत आहात, की विचारणारा आणि सांगणारा समान पातळीवर बसलेले आहेत. निवृत्त मंडळींच्या बाकावर तसे असेलही. मी मूळची नांदेडची, खराडीतील एका कंपनीत नोकरी करते आणि अविवाहित आहे. घर भाड्याने घेताना, लिफ्टमध्ये, ऑफिसातील जेवणाच्या टेबलावर आणि नातेवाइकांच्या लग्नांत मला जे विचारले जाते ते गप्पा म्हणून विचारले जात नाही. ‘घरी कोण कोण येते?’ या प्रश्नाचे उत्तर माझ्या भाडेकरारावर परिणाम करू शकते आणि ‘पॅकेज किती?’ या प्रश्नाचे उत्तर तीन घरे फिरून माझ्या आईकडे पोहोचते. अशा ठिकाणी आळीपाळीने थोडे थोडे सांगावे हा सल्ला मला मानवत नाही. ज्याला माझ्याकडून काही काढून घ्यायचे आहे त्याच्याशी देवाणघेवाण करण्याचे बंधन माझ्यावर नाही.

प्रश्नकर्त्यांनी विनय आणि खाजगीपणा यांची सरमिसळ केलेली आहे, असे मला वाटते. आपला गुडघा न काढणे हा विनय झाला. मुलाची नोकरी आणि सुनेचा पगार न सांगणे हा विनय नव्हे. ती माहिती आपली नाहीच. सँड्रा पेट्रोनिओ या संवादशास्त्राच्या अभ्यासकांनी खाजगी माहितीकडे मालकीच्या दृष्टीने पाहिले आहे. त्यांच्या मांडणीनुसार आपण एखाद्याला काही सांगितले की तो त्या माहितीचा सहमालक होतो आणि ती पुढे कोणाला सांगायची याचे नियम दोघांनी मिळून ठरवावे लागतात. आपल्याकडे हे नियम कोणी ठरवत नाही. मुलाने रात्री फोनवर आईला सांगितलेले सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर अभिनंदनासह झळकते. आईच्या मते ती स्वतःच्या आनंदाविषयी बोललेली असते.

आता उपयोगाचे. थेट नकार दिला की कुतूहल वाढते, हा प्रश्नकर्त्यांचा अनुभव खराच आहे. मी आलेल्या प्रश्नाला घरात घेत नाही, पण ओट्यावर नीट बसवते. म्हणजे उत्तर देते, ते हसून आणि पूर्ण वाक्यात देते, खोटे काही सांगत नाही, पण दिलेला तपशील किरकोळ असतो. ‘लग्नाचे काय ठरले?’ याला ‘आई शोधते आहे, तिचा उत्साह माझ्यापेक्षा जास्त आहे, तुमच्या धाकटीचे शिक्षण कुठवर आले?’ हे उत्तर वर्षानुवर्षे चालते. पगाराविषयी ‘खराडीचे भाडे आणि पेट्रोल भागते’ एवढे पुरते. बहुतेक लोकांना उत्तर हवे असते, माहिती नव्हे. आपण आदराने दखल घेतली की त्यांचे समाधान होते. जे तरीही खोदत राहतात त्यांना मी एकदाच शांतपणे ‘ते मी कोणाशीच बोलत नाही’ असे सांगते आणि पुढच्या वाक्यात विषय बदलते. ‘कोणाशीच’ या शब्दामुळे त्यांचा अपमान होत नाही.

शनिवारपेठी

भाडेकरू यांच्याशी पूर्ण सहमत आहे. माझ्या प्रतिसादातील साक्षीदाराला साक्ष नाकारण्याचाही अधिकार असतो, हे लिहायचे राहून गेले होते. फक्त खराडीचे भाडे आणि पेट्रोल दोन्ही भागते म्हणजे पगार उत्तम आहे, हे चाणाक्ष पुणेकर ओळखेल. उत्तरात थोडा बदल करावा.

तळजाईकर

सर्वांचे मनापासून आभार. सहकारनगराचा तर्क बरोबर आहे. मुलाविषयीची माहिती मुलाची आहे, हा भाडेकरू यांचा मुद्दा मला विशेष पटला. ‘ते त्यालाच विचारा, त्यालाही बरे वाटेल’ असे उत्तर मी आता देऊ शकेन आणि त्यात दडवल्याचा भासही नाही.

एक उपप्रश्न विचारतो. आमच्यात एक ज्येष्ठ गृहस्थ आहेत, दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेले. पत्नीच्या निधनानंतर ते एकटे राहतात आणि कोणताही विषय निघाला तरी दोन वाक्यांत स्वतःवर येतात. मंडळींनी त्यांना पाठीमागे ‘मीपुराण’ असे नाव ठेवले आहे आणि हल्ली ते येताना दिसले की दोघे-तिघे उठून चालू लागतात. त्यांना आत्मप्रौढीची बाधा आहे असे सर्वांचे मत आहे. मला तसे वाटत नाही, पण मी त्यांना ऐकत बसलो तर बाकीच्यांचे बोलणे खुंटते. अशा वेळी काय करावे?

अभ्यासिका

आपल्याला तसे वाटत नाही ते योग्यच आहे. जो माणूस सतत ‘मी, मी’ करतो तो आत्ममग्न, ही समजूत इतकी सार्वत्रिक आहे की ती तपासून पाहण्याची गरजही फारशी कोणाला वाटली नव्हती. २०१५ मध्ये अँजेला केरी आणि सहकाऱ्यांनी ४,८०० हून अधिक व्यक्तींच्या बोलण्या-लिहिण्याचे नमुने घेऊन ती तपासली, तेव्हा प्रथमपुरुषी सर्वनामांचा वापर आणि आत्मप्रौढी यांच्यात म्हणण्यासारखा संबंध आढळला नाही. जो दिवसभर कोणाशी बोललेला नाही तो सकाळी भेटलेल्या पहिल्या माणसाजवळ साठलेले सगळे सांगणारच. पूर्वी भाजी महागली, नळ गळतो, गुडघा दुखतो हे ज्यांना सांगायचे त्या व्यक्ती घरात होत्या. आता ती सगळी वाक्ये बाकावर येत आहेत.

बाकाची एक मर्यादाही लक्षात घ्यावी. रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये उपाहारगृहांसारख्या ठिकाणी आपोआप जमणाऱ्या गप्पांची पाहणी केली, तेव्हा एका संभाषणात साधारणतः चारच माणसे टिकून राहतात आणि पाचवा आला की गट फुटतो, असे आढळले. सहा-सात जणांच्या बाकावर एका माणसाला पुरेसे कान मिळूच शकत नाहीत. त्यामुळे तो आवाज चढवतो, तेच पुन्हा सांगतो आणि लोकांना आणखी कंटाळा येतो.

म्हणून त्यांना बाकावर ऐकू नये. उठताना ‘चला, कोपऱ्यापर्यंत बरोबर जाऊ’ असे म्हणावे आणि परतीच्या वाटेवर, दोघेच असताना ऐकावे. प्रकृतीविषयी त्यांना सगळेच विचारत असतील. आपण कामाविषयी विचारावे. पावसात भूमिगत केबलमध्ये पाणी शिरले की बिघाड नेमका कुठे आहे हे कसे शोधत असत, ट्रंक कॉल लागायला किती वेळ लागत असे, नवीन जोडणीसाठी लोक वर्षानुवर्षे कसे थांबत, हे त्यांना ठाऊक असेल आणि बाकावरच्या दुसऱ्या कोणाला नसेल. त्यातले एखादे दुसऱ्या दिवशी चौघांत आपण स्वतःच काढावे, म्हणजे ‘काल यांनी मला केबलचे सांगितले ते ऐका’ असे म्हणून त्यांच्याकडे बोलणे द्यावे. ते घरी एकटे जेवतात की डबा येतो, हेही त्या वाटेवर कधीतरी विचारून ठेवावे.